बंद पेवांची सायडिंग

लढाईच्या वर्षांत सांगलीत एक विचित्र काम माझ्या गळ्यात पडलं. शहरातले जुने रूळ शोधायचे. स्टेशनातून फुटून कारखान्यांच्या आणि वखारींच्या दारापर्यंत गेलेल्या फाट्यांना आम्ही कचेरीत सायडिंग म्हणायचो, हमाल सायडी म्हणायचे. लढाईला लोखंड हवं होतं, तेव्हा जे फाटे वापरात नसतील ते उखडून पाठवा असा वरून हुकूम आला होता. कोणते वापरात नाहीत हे मात्र कुणालाच धड ठाऊक नव्हतं. एक नकाशा होता, पण तो काढणारा माणूस कधीच रिटायर झालेला, आणि नकाशावर चहाचा एवढा मोठा डाग होता की अर्धी सांगली त्याखाली गेली होती.

मी साताऱ्याकडचा. शेतकऱ्याच्या घरातला पहिला मॅट्रिक. थोरला भाऊ पलटणीत, धाकट्याकडे शेती, आणि मधल्या माझ्या वाट्याला रेल्वेच्या मालकचेरीतली कारकुनी. नोकरी कच्ची होती, वर्षभर काम बघून पक्की करणार होते. त्या धास्तीने मी दोन गोष्टी केल्या होत्या. अक्षर घोटून घोटून छापल्यासारखं केलं होतं, आणि तोंडातलं 'हाय' काढून तिथे 'आहे' बसवलं होतं. 'न्हाई'चं 'नाही' व्हायला जरा जास्त दिवस लागले. सुट्टीला घरी गेलो की आई म्हणायची, "आलं बघा सायेब." मला ते मनातून आवडायचं, हे कबूल करतो.

आमचे मोठे बाबू धारवाडकडचे. तपकिरीची चिमूट नाकाला लावल्याशिवाय त्यांना हुकूम सोडता येत नसे. "नकाशा घे, सायकल घे, सात जागा आहेत त्या बघून ये," ते म्हणाले. "प्रत्येक ठिकाणी एवढंच विचार, चालू का बंद. बंद असेल तर कधीपासून. फॉर्म भरून आण. डोकं चालवू नको, फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही."

पुढचे आठ दिवस मी फार सुखात होतो. कचेरीत बसून पावत्या खरडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. सकाळी भाकरी बांधून घ्यायची, सायकल काढायची आणि जमिनीकडे बघत गावभर हिंडायचं. लोकांना वाटायचं माझं काहीतरी हरवलंय. दोन दिवसांत मला त्यातली मेख कळली. रूळ कधी रस्त्यासारखा झटकन वळत नाही, त्याला ऐसपैस बाक लागतो. म्हणून एक तुकडा सापडला, त्याच्या बाकावरून नजर लावली, की पुढचा तुकडा कुठे असेल हे सांगता येतं. एकदा असाच बाभळीच्या झुडपांतून पायाने चाचपत गेलो तो थेट एका परसात निघालो. तिथल्या बाईने रुळांवर जुनी फळी टाकून धुणं धुवायची जागा केली होती. हे लोखंड कधीपासून आहे, असं विचारलं तर म्हणाली, "मी नांदाया आले तवापासनं हाय. तुमचं हाय व्हय? न्हेऊ नका, चांगलं हाय."

तेलाच्या गिरणीपाशी रुळांमध्ये शेंगांची फोलपटं घोट्याएवढी साठली होती. गिरणीचा पहारेकरी म्हणाला, मालगाडीचा डबा येऊन चार वर्षं झाली, आता समदं मोटारीनं जातंय. लाकडाच्या अड्ड्यावर रुळाच्या शेवटी डबे अडवायला रोवलेल्या खांबाला म्हैस बांधलेली होती. रॉकेलच्या डेपोवर तर रूळ नव्हतेच, नुसत्या रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या खुणा होत्या, आणि स्लीपर कुठे गेले ते शेजारच्या घराचं छप्पर बघून कळत होतं. मी ते फॉर्ममध्ये लिहिलं नाही. गुळाची वखार, सरकी काढायचा कारखाना आणि तो परसातला फाटा धरून सहा ठिकाणं झाली. आमच्या रेल्वेवर कोण कोण जगत होतं, आणि कोण गुपचूप सोडून गेलं होतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. प्रत्येक ठिकाणी मी शुद्ध भाषेत विचारायचो, "चालू आहे की बंद?" आणि उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो.

सातवी जागा गावाबाहेर, नदीच्या बाजूच्या उंचवट्यावर. नकाशावर तिथे 'हळद' एवढाच शब्द होता. मी गेलो तेव्हा रूळ होते, चांगले जाग्यावर होते, पण ते जिथे संपत होते तिथे वखार नाही, शेड नाही, भिंत नाही. मोकळं माळरान आणि त्यावर चरणाऱ्या पाच-सहा शेळ्या. कडेला एका झोपडीपुढे बारा-तेरा माणसं विड्या ओढत बसली होती. त्यांतला मोठा, पन्नाशीचा, घोंगडी पांघरलेला, तो मुकादम. आटपाडीकडची मेंढपाळ घरातली माणसं. पाऊसपाण्याच्या वैतागाने इकडे येऊन हमालीला लागलेली.

पेव म्हणजे काय हे मी ऐकून होतो. जमिनीत विहिरीसारखा खड्डा, वर अरुंद आणि आत पोटाला मोठा. त्यात हळद भरून ठेवतात. बघितलं मात्र कधी नव्हतं. मी सायकल उभी केली, फॉर्म काढला आणि विचारलं, "मुकादम, इथली पेवं चालू आहेत की बंद?"

"बंद हाइत की," मुकादम म्हणाले. "समदी बंद."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. येक बी उगडं न्हाई."

मला आठवतं, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. धंदा बसला तरी हा माणूस एवढा खूश कसा, असं माझ्या मनात आलंसुद्धा. पण डोकं चालवायचं नव्हतं. मी 'बंद, दोन वर्षे' असं लिहिलं, त्यांनी दिलेलं पाणी प्यालो आणि मान खाली घालून मन लावून सायकल हाणली. चार दिवसांनी माझा कागद वर गेला. मोठे बाबू म्हणाले, अक्षर बरं आहे.

पंधरा दिवसांनी मुकादम कचेरीत आले. दारातच उभे राहिले. हातात काठी, घोंगडी खांद्यावर.

"बाबू, आमच्या रुळाला चुना कुनी मारला?"

उखडायचे रूळ ओळखू यावेत म्हणून रूळवाली टोळी चुन्याचे पट्टे ओढून गेली होती. मी त्यांना समजावून सांगितलं की बंद असलेल्या सायडिंग काढायच्या आहेत. "तुम्हीच सांगितलंत ना, सगळी पेवं बंद आहेत म्हणून?"

"व्हय. बंद हाइत."

"मग?"

"मग काय? बंद हाइत म्हंजी भरल्याली हाइत. रिकामं पेव कोन बंद करंल? रिकामं उगडं आसतंय." ते माझ्याकडे नीट बघायला लागले. "बाबू, तुमच्या घरात कनगी हाय न्हवं?"

"आहे."

"तिचं त्वांड शेनानं लिपल्यालं आसंल तर तुमची आय काय समजती?"

आमच्या घरात ज्वारीच्या दोन कणग्या होत्या. एकीचं तोंड लिंपलेलं असलं की आई निर्धास्त असायची, आणि कणगी उघडी पडली की घरात बोलणं कमी व्हायचं. हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. 'हाय'चं 'आहे' करताना बाकीचंही पुसून टाकलं होतं बहुतेक. आधी स्वतःचा राग आला, मग त्या माणसाचा. त्याने तेव्हाच नीट का नाही सांगितलं? पण नीटच सांगितलं होतं त्याने.

मुकादमांनी दारातच बसून पुढचं सांगितलं. प्रत्येक जागेची टोळी ठरलेली असते. पेवांच्या सायडीवर डबा लागला तर तो त्यांच्या टोळीने भरायचा. रूळ गेले की हळद बैलगाडीने स्टेशनाच्या धक्क्यावर जाणार, आणि तिथे दुसऱ्या टोळीचा हक्क. "बारा घरं हाइत आमची," ते म्हणाले. "दोन वर्सं आमी हितं राखत बसलोय, पेवं उगडली की काम लागंल म्हनून. रूळ उपटलं तर उगडून आमाला काय?" आवाज चढवला नाही. एवढं बोलून त्यांनी माझ्याकडेच मार्ग विचारला, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

मोठ्या बाबूंना सांगणं भाग होतं. मी दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन परतलो. मुकादमाने चुकीची माहिती दिली, असं म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. तसं वाक्य मनात तयारही झालं होतं, आणि अगदी शुद्ध होतं. पण तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा तोंडातून बाहेर पडलं ते असं: "बाबू, माजी चूक हाय."

मोठ्या बाबूंनी चिमूट अर्ध्यावर थांबवली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गेलेला कागद तोंडी परत येत नाही. गुरुवारी रुळांचे साहेब ट्रॉलीवरून येणार आहेत, त्यांना जाग्यावर माल दाखव. शेळ्या दाखवून चालणार नाही. आणि बाकीच्या सहा ठिकाणी परत जा." ते सांगायची गरज नव्हती. मी दोन दिवसांत सगळीकडे पुन्हा जाऊन आलो, आणि या वेळी बंद-चालू हे शब्द तोंडात आणले नाहीत. शेवटचा डबा कधी भरला, पुढचा कधी भरणार, एवढंच विचारलं. सरकीच्या कारखान्यात पहारेकरी म्हणाला, "कापूस आला की भरंल की. आता हंगाम न्हाई म्हनून बंद हाय." तोही कागद दुरुस्त केला. बाकीचे पाच खरोखरच गेलेले होते.

पेवांचा मालक असलेला शेटजी मुंबईला गेला होता. मुनीमाकडे गेलो तर त्याने चष्म्यावरून बघून सांगितलं की भाव आल्याशिवाय आणि शेटजींचा निरोप आल्याशिवाय एकही पेव उघडणार नाही. एकदा तोंड फोडलं की आत हवा जाते, मग तो माल परत झाकून ठेवण्यात अर्थ नसतो, बाहेर काढून पाठवावाच लागतो. त्याचं बरोबर होतं. मी तसाच माळावर जाऊन मुकादमांना सांगितलं. ते विडी विझवून उठले. टोळीतल्या माणसांशी आपसांत काहीतरी बोलले. मग म्हणाले, "बेस्तरवारी सायबाला घिऊन या. येक पेव उगडतो." बेस्तरवार म्हणजे गुरुवार. मला वाटलं निरोपाची काहीतरी सोय झाली असेल. खोदून विचारलं नाही. खरं तर विचारायचंच नव्हतं, मला पेव उघडायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी साहेब आले. हिंदुस्थानीच होते, पण टोपी अशी घालायचे की लांबून गोरे वाटावेत. पांढरी स्वच्छ विजार. त्यांना मराठी येत नव्हती. मी इंग्रजीत सांगितलं की इथे बंद म्हणजे भरलेलं. त्यांनी मला ताप आहे का, अशा नजरेने बघितलं. मग माळाकडे बघितलं, शेळ्यांकडे बघितलं, आणि विचारलं, वखार कुठे आहे? मी ते मराठीत केलं.

मुकादमांनी काठीने पायाखालची जमीन ठोकली.

माळाच्या एका टोकाला, कडेचं, लहानसं पेव त्यांनी निवडलं होतं. माणसांनी वरची माती ओढली, खालचा पाचोळा काढला, आणि चौघांनी मिळून तोंडावरची फरशी सरकवली. साहेब पुढे झाले तसं मुकादमांनी काठी आडवी धरली. "लगीच न्हाई. आत वारं वंगाळ आसतंय." पेटता कंदील दोरीला बांधून खाली सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मुकादमांनी आपली घोंगडी सोडून ती दोरीने पेवात उतरवली आणि विहिरीतून पाणी काढावं तशी वरखाली करायला लागले. टोळी आळीपाळीने तेच करत राहिली. पुन्हा कंदील, पुन्हा विझला. असं तीनदा झालं. साहेब निघून गेले तर? चौथ्यांदा कंदील खालपर्यंत जळत राहिला, आणि त्याच्या उजेडात खाली सगळं पिवळं दिसलं.

कमरेला दोरी बांधून एकजण उतरला आणि पाटी भरून वर पाठवली. मुकादमांनी एक हळकुंड साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते मोडलं. आतून केशरी निघालं. त्यांनी ते नाकाशी नेलं, मग दुसरं मोडलं, मग आपण काय करतोय हे विसरून हात विजारीला पुसले. आमच्यापैकी कुणीही हसलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

"अशी किती आहेत?" त्यांनी विचारलं, मी ते मुकादमांना सांगितलं. मुकादम चालायला लागले. दर पंधरा-वीस पावलांवर काठी ठोकायची, पुढे जायचं. साहेब मागे, मी त्यांच्या मागे, आणि शेळ्या बाजूला होत गेल्या. तो माळ संपेपर्यंत आम्ही चालत होतो. परत आल्यावर साहेबांनी माझा कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, तुम्ही लिहिलंत, तुम्हीच खोडा, खाली सही करा. मी त्या सुंदर अक्षरावर रेघ मारली. नोकरी पक्की व्हायला त्यामुळे सहा महिने उशीर झाला. त्याचं दोन दिवस वाईट वाटलं, मग वाटेनासं झालं.

चुन्याचे पट्टे दुसऱ्याच दिवशी पुसले गेले. शनिवारी एक मोकळा डबा पेवांच्या सायडिंगवर लागला. दोन वर्षांनी लागत होता, रुळांवरचा गंज चाकाखाली कुरकुरत होता. टोळीने तो सकाळीच भरायला घेतला. पोती पाठीवर, फळीवरून वर, आत रचणारा आतून ओरडून जागा सांगतोय. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाली होती आणि एकमेकांची थट्टा करत होती. तसा मनापासून आनंद मला कचेरीत कुठल्याच दिवशी झाला नसेल. डबा निम्माच भरला, पेव लहान होतं. मी पावतीपुस्तक घेऊन झोपडीत खाटेवर बसलो, मुकादम समोर जमिनीवर बसले.

मालाचं नाव लिहिलं. जायचं ठिकाण लिहिलं. "पाठवणाऱ्याचं नाव," असं मी स्वतःशीच म्हणालो आणि शेटजींचं नाव लिहायला टाक बुडवला.

"माजं लिवा," मुकादम म्हणाले.

मी वर बघितलं.

"शेटजीचं पेव त्येंच्या मागारी मी कसं उगडीन, बाबू? त्ये आमचं व्हतं. टोळीचं." मग त्यांनी सांगितलं. पेव रिकामं करताना तळाला आणि भिंतीला जी हळद चिकटून राहते ती काढून न्यायचा हक्क टोळीचा, अशी तिथली रीत. बारा जणांनी ती झाडण वर्षानुवर्षं घरी न नेता कडेच्या त्या पेवात साठवली होती. भाव आला की विकून गावाकडे आटपाडीला विहीर पाडायची होती. भाव काही अजून आलेला नव्हता.

"आणि विहीर?" मी विचारलं.

"इहिरीचं पुढं बगू. रूळ ऱ्हायलं तर पेवं ऱ्हातील, पेवं ऱ्हायली तर झाडन बी पडंल." त्यांच्या आवाजात उपकार केल्याचं काही नव्हतं. माझ्या एका शब्दापायी त्यांची विहीर मागे पडली होती आणि मी तिथे पावती फाडायला बसलो होतो. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवता आलंही नसतं. मुकादमांनी नजर दुसरीकडे नेली आणि म्हणाले, "लिवा आता. गाडी चुकंल."

मी त्यांचं नाव लिहिलं. वडिलांचं नाव विचारून लिहिलं, मग आडनाव. तीस वर्षं त्या माणसाने पाठीवरून डबे भरले होते, पण पाठवणारा म्हणून त्यांचं नाव कुठल्या पावतीवर आलं नव्हतं. अंगठा उठवून झाल्यावर त्यांनी पावती हातात धरली, उलटसुलट करून बघितली आणि माझ्याकडे परत दिली.

"वाचून दावा की."

मी वाचलं. काम टाकून टोळीतली माणसं एकेक करत झोपडीच्या दारात येऊन उभी राहिली होती. मुकादमांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "आनि येकदा वाचा. ह्येंनी ऐकलं न्हाई."